ऑप्शन फॉर्म भरताना नाटकाचंही विचारा

(बारावीनंतरच्या मार्गदर्शन शिबिरातील भाषण)



कटऑफ आणि प्लेसमेंटबद्दल आधीचे वक्ते बोलले. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, पण आज नाटकाबद्दल बोलणार आहे. कॉलेजात चार वर्षं मी तेही केलं.

नाटकातच पदवी हवी असेल, तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. पण पुण्यात १९६३ पासून चालणाऱ्या पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका करतात ती इंजिनियरिंग, कॉमर्स, सायन्सची मुलं. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ बसवणारे जब्बार पटेल आणि त्यातले नाना फडणवीस, म्हणजे मोहन आगाशे, दोघेही बी. जे. मेडिकलचे डॉक्टर.

माहितीपुस्तिकेत ‘सांस्कृतिक मंडळ’ सगळेच छापतात, त्यावर जाऊ नका. गॅदरिंगचं स्किट वेगळं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा, गेल्या वर्षी कोणती एकांकिका केली, लिहिली कोणी? नाव पटकन आलं नाही तर काय ते समजा. तालीम पार्किंगमध्ये होत असेल तर बिघडत नाही, आमचीही तिथेच व्हायची. हजेरीचं मात्र नक्की विचारा. स्पर्धेच्या दिवसांची हजेरी कॉलेज देतं, की प्रत्येकाला एचओडींच्या दारात उभं राहावं लागतं?

मुलींनो, तालीम किती वाजता संपते हे विचारायला लाजू नका. आमच्या गटातली सर्वांत चांगलं वाचणारी मुलगी दोन वाचनांनंतर आली नाही. तालीम रात्री दहापर्यंत चालायची, घर लांब होतं. अम्मी-अब्बांनीही ‘नको’ म्हणण्याआधी गटातल्या एखाद्या सीनियर मुलीशी बोलावं.

‘मी उर्दू माध्यमाचा, माझं मराठी चालेल का?’ असं मघाशी एकाने विचारलं. चालेल. ‘ळ’ आणि ‘ण’ तालमीत घासून निघतात, आणि प्रकाशयोजनेला तर भाषा लागतच नाही. मला काळजी वेगळीच वाटते. मुसलमान मुलाच्या वाट्याला दर वर्षी तोच खाटीक, तोच अतिरेकी येत असेल तर रुसून बाहेर पडू नका, संहिता लिहायला बसा. नट होणारे खूप येतात, लिहिणारा सापडत नाही.

फॉर्म भरण्याआधी एकदा त्या कॉलेजात जाऊन या. पाचनंतर जा, ऑफिस बंद झाल्यावर.