समुद्रावरची हाक आणि किनाऱ्यावरचे दप्तर

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास आणि अध्यात्म यांची वर्दळ असावी हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. तो मोडून, हातभरही उंच नसलेल्या एका पिवळ्या यंत्राविषयी बोलण्यास संयोजकांनी मला पाचारण केले, हे मी त्यांच्या धाडसाचे लक्षण समजतो. परंतु वैशाख सरत आला आहे, घरोघरी आगोटीची धांदल सुरू आहे, आणि १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद राहून नौका किनाऱ्यावर शाकारल्या जातील; तेव्हा होडीवरच्या सामानाकडे सवडीने पाहण्याची वर्षातली एकमेव संधी ज्यांच्या हाती येणार आहे, अशा श्रोत्यांपुढे हा विषय मांडण्यास याहून चांगला मुहूर्त शोधूनही सापडला नसता.

आपल्या किनाऱ्यावरील वडीलधाऱ्या मंडळींना १७ जुलै १९४७ या तारखेची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसकडे निघालेली 'रामदास' ही आगबोट वाटेतच तुफानात सापडून कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. त्या दुर्घटनेच्या कारणांची मीमांसा पुष्कळ झाली आहे. मला आज त्यातील एकाच बाबीशी कर्तव्य आहे. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते, आणि म्हणून सकाळी घडलेला अनर्थ, निघालेल्या धक्क्यापासून काही मैलांवरच घडला असूनही, मुंबई शहराला कळला तो सायंकाळच्या सुमारास, वाचलेल्या माणसांच्या तोंडून. बुडणे आणि बुडाल्याची खबर लागणे यांच्यामधला हा जो अवधी, तो पुष्कळ बळी घेतो. आणि तो अवधी घटकाभरावर आणून ठेवणे, एवढेच काय ते आपल्या पिवळ्या यंत्राचे काम आहे.

जहाजांवरील या यंत्रास दर्यावर्दी लोक 'ईपर्ब' म्हणतात. ते चालू झाले की ४०६ मेगाहर्ट्झच्या लहरींवर, सुमारे पन्नास सेकंदांच्या अंतराने, जेमतेम अर्ध्या सेकंदाची एकेक हाक आकाशाकडे सोडीत राहते. हाकेची शक्ती अवघी पाच वॅट. आणि असे किमान ४८ तास त्याने न थकता करावे, अशी आंतरराष्ट्रीय नियमांची अट आहे. ही हाक ऐकणारी व्यवस्था समुद्राच्या गरजेतून उपजली असे कोणास वाटेल, परंतु तिच्या मुळाशी एक हरवलेले विमान आहे. १९७२ च्या ऑक्टोबरात अमेरिकन काँग्रेसचे दोन सदस्य, हेल बॉग्ज आणि निक बेगिच, यांना घेऊन अलास्कात उडालेले लहानसे विमान बेपत्ता झाले. ३९ दिवस शोध चालला आणि विमान आजतागायत सापडलेले नाही. त्यानंतर विमानांवर संकटसूचक बसविण्याची सक्ती अमेरिकेत झाली, आणि पुढे १९७९ साली, शीतयुद्धाचे निखारे धगधगत असताना, अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ या चार राष्ट्रांनी 'कोस्पास-सारसॅट' नावाची उपग्रह-योजना संगनमताने हाती घेतली. एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसलेल्या दरबारांनी बुडत्यासाठी मात्र एकच दप्तर उघडावे, ही त्या काळच्या राजकारणातील थोडक्या शहाणपणाच्या गोष्टींपैकी एक होय. पहिला उपग्रह १९८२ च्या जूनमध्ये सोव्हिएत संघाने सोडला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरात कोसळलेल्या विमानातील तिघांचे प्राण त्याने वाचविले.

उपग्रहाला हाकेचे ठिकाण कसे उमगते, हे थोडक्यात सांगतो. पृथ्वीपासून कमी उंचीवरून धावणारा उपग्रह यंत्राच्या जवळ येत असताना त्याला लहरींची कंपनसंख्या किंचित वाढलेली भासते, आणि दूर जाऊ लागला की घटलेली. या चढउताराचा आलेख काढला म्हणजे यंत्र त्याच्या वाटेपासून किती अंतरावर आहे हे गणिताने निघते. मात्र ते वाटेच्या डावीकडे की उजवीकडे, हे त्या एका फेरीत निश्चित करणे अवघड जाते आणि नकाशावर एकाऐवजी दोन ठिकाणे उमटतात. खोटे कोणते, हे बहुधा पुढल्या फेरीला ठरते. ही अडचण हेरून हल्लीच्या यंत्रांत स्थाननिश्चितीचा ग्राहकच बसवितात, त्यामुळे पूर्वी जे ठिकाण काही किलोमीटरांच्या अदमासाने कळे, ते आता शेदोनशे मीटरांच्या आत कळते. आपल्या देशात ही हाक बंगळूर आणि लखनौ येथील भूकेंद्रांत उतरते, तेथून बंगळूरच्या मोहीम-नियंत्रण केंद्राकडे जाते, आणि ते केंद्र, घटना आपल्या बाजूच्या समुद्रातली असेल तर, तटरक्षक दलाच्या मुंबईतील बचाव-समन्वय केंद्राला वर्दी देते. भारताच्या वाट्याला आलेले शोधक्षेत्र सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटरांचे आहे. एवढ्या विस्तारात केवळ डोळ्यांनी एक होडी हुडकणे म्हणजे काय, याची कल्पना दर्यावर गेलेल्या माणसाला मी देण्याची गरज नाही.

हे सर्व जुळून आले म्हणजे काय घडते, याचा एक दाखला आपल्या घरचा आहे. २०१८ च्या सप्टेंबरात नौदलातील कमांडर अभिलाष टॉमी 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत एकटे पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले असताना, दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियातील पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैलांवर, त्यांच्या 'थुरिया' या नौकेची डोलकाठी वादळाने मोडली आणि त्यांच्या पाठीला इतकी जबर दुखापत झाली की जागचे उठता येईना. टॉमी यांनी संकटसूचक चालू केले, उपग्रहावरून त्रोटक निरोप पाठविले; ऑस्ट्रेलियाच्या बचाव केंद्राने सूत्रे हाती घेतली, मॉरिशसहून उडालेल्या आपल्या नौदलाच्या विमानाने नौका हेरली, आणि तिसऱ्या दिवशी 'ओसिरिस' नावाच्या फ्रेंच मत्स्य-गस्तनौकेने त्यांना उचलले. पुढे २०२३ साली याच शर्यतीत ते दुसरे आले. ज्या समुद्रात माणसांची वस्ती तर सोडाच, जहाजांची वाटही विरळ, तेथे तीन देशांची साधने एका जखमी इसमाच्या दिशेने वळली, याचे कारण त्याची हाक कोणाची, कोठून आणि कशासाठी, याविषयी ऐकणाऱ्यांच्या मनात तिळमात्र संदेह नव्हता.

नेमक्या याच ठिकाणी आपल्याकडे घोडे अडते. लोकांची समजूत अशी की यंत्र विकत घेतले म्हणजे बंदोबस्त झाला. वस्तुस्थिती अशी की प्रत्येक ईपर्बच्या पोटात पंधरा अक्षरांकांची एक सांकेतिक ओळख भरलेली असते, तीत देशाचाही अंक असतो (भारताचा ४१९), आणि आकाशमार्गे जाते ती ही ओळख. तुमचे नाव, नौकेचा रंग, माणसे किती, बंदर कोणते, यांपैकी काहीही आपोआप जात नाही. ते सारे किनाऱ्यावरच्या नोंदवहीत असावे लागते. जमीन विकली की आपण तलाठ्याकडे फेरफारासाठी दहा खेटे घालतो, सात-बाराच्या उताऱ्यावर नाव चढले की नाही हे चष्मा लावून पाहतो. परंतु होडी विकताना तिच्यावरच्या संकटसूचकाची नोंद जुन्याच मालकाच्या नावे राहिली आहे, हे विकणाऱ्याच्या ध्यानी नसते आणि घेणाऱ्याच्याही. मग कधी काळी ती हाक आलीच, तर केंद्रातला अधिकारी ज्याला दूरध्वनी करतो तो गृहस्थ आपल्या ओटीवर सुखाने पान लावीत बसलेला असतो, आणि आपली होडी बुडाली काय या प्रश्नाला 'माझ्याकडे आता होडीच नाही' असे निखालस खरे उत्तर देतो.

या दूरध्वनीचे महत्त्व जितके सांगावे तितके थोडे. जगभर येणाऱ्या संकटसंकेतांत बहुसंख्य संकेत निघतात ते चुकीने सुटलेले: कोणी यंत्र धुतले, कोणी भंगारात टाकले, कोणाच्या हातून कळ दाबली गेली. म्हणून संकेत येताच अधिकारी प्रथम नोंदवही उघडतो आणि किनाऱ्यावरील माणसाला विचारतो, नौका बाहेर आहे काय? त्याचे 'होय, परवा पहाटे गेली, आठ माणसे आहेत' हे एक वाक्य शोधाला जी दिशा देते, ती केवळ अंकांवरून मिळत नाही. आता गंमत पाहा: नोंदणीच्या पुष्कळ अर्जांत संपर्कासाठी मालकाने स्वतःचाच मोबाईल क्रमांक दिलेला असतो, आणि मालक स्वतःच तांडेल असतो, म्हणजे ज्या क्षणी तो क्रमांक लागायला हवा, त्या क्षणी तो फोन मालकाच्याच खिशात समुद्राचे पाणी पीत असतो. संपर्काचे नाव घरी राहणाऱ्याचे द्यावे, आणि दोन द्यावीत. पत्नी, भाऊ, शेजारी, मच्छीमार सोसायटीचा सचिव, कोणीही चालेल. नौका कधी निघाली हे त्याला ठाऊक असले म्हणजे झाले.

आता निगेकडे वळतो. यंत्र ज्या पेटीत बसविलेले असते, तिच्या कडेला तळहाताएवढा एक गोल भाग असतो. त्याच्या आत ताणलेल्या स्प्रिंगवर एक पाते रोखून ठेवलेले असते. नौका बुडून तो भाग पाण्याखाली दीड ते चार मीटर गेला की पाण्याच्या दाबाने पाते सुटते, प्लॅस्टिकचा एक खिळा कापला जातो, झाकण उडते आणि यंत्र वर तरंगून येऊन आपोआप चालू होते. या गोल भागाची मुदत दोन वर्षांची असते, आणि ती संपण्याचा महिना व वर्ष त्याच्यावरच खूण करून ठेवण्याची सोय असते. मी पाहिलेल्या कित्येक नौकांवर ही खूण रंगाच्या हाताखाली गेलेली होती: नौका रंगविणाऱ्या कारागिराने मोठ्या निष्ठेने पेटी, खिळा, पाते आणि तारीख या सर्वांवर एकच निळा हात फिरविला होता. रंगाने जखडलेले झाकण उडणार कसे, हा विचार त्या बिचाऱ्याने करावा अशी अपेक्षा नाही. तो मालकाने करावयाचा आहे.

दुसरा प्रकार चोरीच्या धास्तीचा. वस्तू महागाची, म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून केबिनमध्ये तांदळाच्या गोणीमागे ठेवलेली आढळते. नाहीतर पेटीतच ठेवून तिची दोरी कठड्याला घट्ट बांधलेली असते. ही दोरी नौकेला बांधण्यासाठी नव्हेच. नौका तळाशी गेली तर बांधलेले यंत्रही तिच्यासोबत जाईल; ती दोरी पाण्यात उतरल्यावर तराफ्याला किंवा माणसाला बांधावयाची, जेणेकरून यंत्र आणि माणसे वाहत जाऊन दुरावणार नाहीत.

महिन्यातून एकदा चाचणीची कळ दाबावी. छोटा दिवा लुकलुकतो, वरचा प्रखर दिवा एकदा चमकतो, आणि उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेली खूण पटली की काम झाले. त्या वेळी जाणारा संकेत चाचणीचा आहे हे ओळखण्याची सोय यंत्रणेत आहे, त्यामुळे विमान उडेल अशी भीती नको. परंतु पोरांना गंमत दाखविण्यासाठी रोज चाचणी करू नये, कारण प्रत्येक वेळी बॅटरी खर्ची पडते. या बॅटरीवर मुदतीची तारीख छापलेली असते. ती संपली की यंत्र अधिकृत दुरुस्ती केंद्राकडेच द्यावे. बाजारातल्या कारागिराने उघडलेल्या यंत्राचे रबरी सील पुन्हा जलाभेद्य होईल याची हमी कोणी देत नाही. पुसण्यासाठी गोड्या पाण्याचा ओलसर फडका पुरे. डिझेल आणि रॉकेल यांचा स्पर्शही नको. यंत्राच्या अंगावर धातूचे दोन छोटे बिंदू असतात, ते पाण्याने जोडले गेले आणि यंत्र पेटीबाहेर असले की ते आपण बुडालो असे समजून हाका मारू लागते. म्हणून पेटीतून काढून त्याच्यावर पाण्याचा पाइप सोडणे कटाक्षाने टाळावे.

प्रसंगच ओढवला तर? यंत्र हाताने चालू करावे, अँटेना आकाशाकडे उभी राहील असे उघड्यावर ठेवावे, छताखाली मुळीच नको. पाण्यात तरंगू दिले तर उत्तमच. आणि एकदा चालू केल्यावर बॅटरी वाचविण्यासाठी मध्येच बंद करू नये. शोधास आलेल्या विमानाला वा जहाजाला अखेरच्या टप्प्यात वाट दाखविण्यासाठी त्यातून १२१.५ मेगाहर्ट्झवर एक क्षीण संकेत सतत जात असतो, तो बंद यंत्रातून कसा जाणार? उपग्रहांनी त्या लहरींकडे लक्ष देणे २००९ च्या फेब्रुवारीत थांबविले, म्हणून केवळ १२१.५ वर चालणारे जुने यंत्र कोणाकडे असेल तर त्याच्यावर विसंबू नये. यंत्र चुकून चालू झाल्यास बंद करून तत्काळ तटरक्षक दलाला कळवावे. दंडाच्या भयाने यंत्र समुद्रात फेकून गप्प बसणारा गृहस्थ एका विमानाला विनाकारण रात्रभर फिरवितो.

आपल्या मासेमारी नौकांवर बहुधा ईपर्ब नसतो, इस्रोचे 'डॅट' हे संकटसूचक यंत्र असते. त्याचा मार्ग निराळा: त्याची हाक भारतीय उपग्रहावरून बंगळूरच्या त्याच केंद्रात पोचते. पहिल्या पिढीच्या यंत्राची मोठी उणीव अशी की हाक पोचली की नाही हे बुडणाऱ्याला कळत नसे. २०२४ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात ती दूर झाली असून केंद्राकडून पोच उलट येते, शिवाय वादळाचा इशाराही नौकेपर्यंत पाठविता येतो. माझ्या मते ही पोच हीच खरी सुधारणा; उत्तर मिळालेला माणूस धीर धरून यंत्रापाशी थांबतो. परंतु नोंद, मुदत आणि उघडे आकाश या तिन्ही गोष्टी या यंत्रालाही चुकलेल्या नाहीत.

तेव्हा नौकामालकांना माझी विनंती अशी. होडी शाकारण्यापूर्वी यंत्र उतरवून घरी आणावे, मात्र पाण्यापासून दूर ठेवावे आणि त्याची कळ मुलांच्या हाती लागू देऊ नये. बॅटरीची व गोल भागाची मुदत कागदावर लिहून काढावी. नोंद कोणाच्या नावे आहे आणि संपर्काचे क्रमांक कोणाचे आहेत, हे विचारून घ्यावे, आणि बदल असल्यास नारळी पौर्णिमेची वाट न पाहता जूनमध्येच अर्ज द्यावा. तटरक्षक दलाचा संकटकाळचा १५५४ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. तो घरातल्या बायकामाणसांनाही पाठ असावा.