साक्षीदाराचा पिंजरा आणि आपला समाज



जातीय मारहाणीच्या खटल्यांविषयी बोलावे, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली आहे. वधूवर-सूचीच्या शेजारी हा विषय शोभणारा नाही. तथापि जळगाव व धुळे या दोन्ही जिल्ह्यांत आपली घरे खेडोपाडी आहेत, म्हणून तो टाळता येत नाही.

१९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यास समिती नेमली. तिचे एक सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२९ साली खानदेशात आले होते. धुळे मार्गावरील एका गावातील बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावी परतले, तेव्हा त्यांचा टांगा हाकण्यास एकही टांगेवाला तयार होईना. टांगा भाड्याने मिळाला. हाकणारा मात्र नवशिका होता. नदीवरील मोरीशी अपघात होऊन बाबासाहेब दगडांवर फेकले गेले व त्यांच्या पायाचे हाड मोडले. तो बहिष्कार व तो नकार यांस जातीय अपराध मानणारा कायदाच तेव्हा नव्हता.

आज तो आहे. अस्पृश्यता (अपराध) अधिनियम १९५५ साली झाला. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक अधिनियम १९८९ साली संमत होऊन ३० जानेवारी १९९० पासून अमलात आला. २०१६ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कारही त्यात गुन्हा ठरला. आरोपी फिर्यादीस किंवा त्याच्या कुटुंबास ओळखत असेल, तर जातही त्यास ठाऊक होती असे न्यायालय गृहीत धरते. आपल्या खेड्यांत कोणाची जात कोणास ठाऊक नसते? ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव तेथे फारसा टिकत नाही.

मग आरोपी सुटतात कसे? कायद्याप्रमाणे दोषारोपपत्र साठ दिवसांत यावे आणि खटला शक्यतो त्यापुढील दोन महिन्यांत संपावा. प्रत्यक्षात वर्षे लोटतात, आणि त्या वर्षांतच साक्षीदार फितूर होतो. तो काही एका दिवसात फितूर होत नाही. प्रथम त्याची मजुरी बंद होते, मग किराणा उधार मिळेनासा होतो, आणि शेवटी चार प्रतिष्ठित मंडळी ‘समेट’ घेऊन ओट्यावर येऊन बसतात. बंधूंनो, ती मंडळी कोण असतात, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.

जून २०१८ मध्ये जामनेर तालुक्यातील वाकडी येथे विहिरीत पोहल्यावरून दोन मागासवर्गीय मुलांस विवस्त्र करून मारल्याची तक्रार झाली. चित्रफीत पसरली म्हणून देशास कळले. आरोपी भटक्या जमातीचे असल्याचेही तेव्हा प्रसिद्ध झाले. ‘हा उच्चवर्णीयांचा प्रश्न, आपला नव्हे’ असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे.

आपला मुलगा आरोपी झाल्यास त्यास वकील द्यावा. तो त्याचा हक्कच आहे. तक्रार खोटी वाटली, तर उलटतपासणीत खोडावी. परंतु वकिलाची फी वेगळी आणि फिर्यादीच्या दारी पाठविलेली माणसे वेगळी. आता फिर्यादीस जामिनाच्या सुनावणीत आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे. साक्षीदारास संरक्षण व प्रवासखर्च देण्याची तरतूद आहे. दबाव आणणारा मनुष्य स्वतःच नव्या गुन्ह्यात सापडू शकतो.

दुपारच्या बैठकीत माझा एक ठराव आहे. अशा खटल्यात फिर्यादी वा साक्षीदार यांच्याकडे संस्थेच्या नावाने कोणीही जाऊ नये, आणि त्यांच्या मजुरीस अगर दुकानदारीस आपल्या सभासदांकडून अडथळा होऊ नये. अनुमोदक अद्याप मिळालेला नाही.