जुन्या धंद्याची अवजारे

रामनवमीला आपल्यापैकी पुष्कळजण पोहरादेवीला जात असतील. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातले हे गाव. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे, म्हणून दूरदूरच्या तांड्यांवरून बंजारा मंडळी इथे येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी या गावी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. चार मजली इमारत, तेरा दालने आणि घाट नंगाऱ्याचा. आज मात्र मी देवदर्शनाविषयी बोलणार नाही. बोलणार आहे ते अवजारांविषयी.

तुम्ही म्हणाल, देवळात मूर्ती पाहावी, अवजारात काय पाहायचे? तर ऐका.

सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या आपल्या देशात हिंडत होता. हिऱ्यांच्या खाणी पाहायला आलेला हा माणूस. पण बैलांचे तांडे पाहून तोही थक्क झाला. एकेका तांड्यात दहा-दहा, बारा-बारा हजार बैल! कुणी गहू वाही, कुणी तांदूळ, कुणी डाळी, तर कुणी मीठ. असा तांडा समोरून आला, म्हणजे वाटसरूला कधीकधी दोन-तीन दिवस वाट सोडून थांबावे लागे, असे त्याने लिहून ठेवले आहे.

हा एवढा व्यापार चालला तो कशावर? बैलाच्या पाठीवरच्या गोणीवर. तागाचा दोरा काढायचा, पट्टी विणायची, ती शिवायची, आणि दोन्ही अंगांना वजन सारखे राहील अशी बैलावर टाकायची. एका बाजूला भार जास्त झाला की बैलाची पाठ सोललीच म्हणून समजा. शाळेत आपण तराजू शिकवतो ना, गुरुजी? तोच हिशेब इथे चालत्या बैलावर होता!

पुढे आगगाडी आली. १८५३ साली ती मुंबईहून ठाण्याला गेली आणि १८६७ साली वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. हजारो बैलांचे ओझे एक मालगाडी ओढू लागली. धंदा बसला. त्यातच १८७१ च्या कायद्याने कितीतरी भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का बसला. ठिकठिकाणचे बंजारेही त्यात भरडले गेले. तो कायदा जाऊन ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा शिक्का पुसला गेला. पण तोवर गोणी कुजून गेल्या होत्या.

सोन्याच्या खाणीचेही असेच होते बरं का. कर्नाटकातल्या कोलारची खाण तीन किलोमीटरांहून खोल गेली. तिच्यासाठी १९०२ साली शिवनसमुद्रहून वीज आणली. पण टनभर दगडातून निघणारे सोने कमी कमी होत गेले, आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली. तिथले लोखंडी सांगाडे मोठे, म्हणून लोकांच्या डोळ्यांत भरतात. आपल्याकडच्या झारेकऱ्याची परात कोण पाहतो? सोनाराच्या दुकानातला केर पाण्यात हलवून हलवून तो सोन्याचा कण काढतो. सोने त्याच मापाच्या वाळूपेक्षा सात पटींनी जड, म्हणून ते तळाशी बसते. पदार्थविज्ञानाचा अख्खा धडा त्या परातीत आहे.

आता खरी काळजीची गोष्ट सांगतो. गोणी गेली. तांड्यावरच्या आजीबाईंचे चांदीचे दागिने, आरशा-कवड्यांची फेटिया-कांचळी अजून पेटीत आहेत. घरात अडचण येते, मुलाची फी भरायची असते. दागिना सोनाराकडे जातो, वजनावर विकला जातो आणि मुशीत वितळतो. यात विकणाऱ्याला दोष देता येत नाही. पोट आधी आणि शिक्षणही आधी. पण चांदीचे वजन पुन्हा बाजारात मिळेल. ती घडण मिळणार नाही. आणि वस्तू गेली की मागोमाग तिचे नावही जाते. गोरबोली ही आजवर तोंडोतोंडीच जगली आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच. घरची जुनी वस्तू मोडण्याआधी तिचे चित्र काढून घ्या, फोटो असेल तर उत्तमच. नाव काय, कुणी वापरली, कशी वापरली, हे चार ओळींत लिहा. गुरुजी आणि बाईंनी हे काम मुलांना द्यावे. ‘आजीला विचारून या’ एवढे सांगितले तरी पुरे. नाव गोरबोलीतच लिहावे, देवनागरीत, आजी उच्चारते तसेच. शाळेत एक कपाट रिकामे करावे. तेही नसेल तर एक वही चालेल.

पोहरादेवीची तेरा दालने मोठी खरी, पण प्रत्येक तांड्यावरची प्रत्येक पेटी काही तिथे मावणार नाही. ती आपल्यालाच जपली पाहिजे. पुढच्या रामनवमीला जाल तेव्हा नातवाला बरोबर न्या, आणि एखाद्या गोणीपुढे उभे राहून तुमच्या आजोबांची गोष्ट त्याला सांगा.