स्पोर्ट मोटारसायकलवरची पक्की मांड

स्पोर्ट मोटारसायकलचे हँडल खाली असते,
फूटरेस्ट, म्हणजे पाय ठेवण्याचे दांडे, मागे आणि उंचावर असतात;
त्यामुळे धड पुढे झुकते
आणि नवख्या चालकाचा सारा भार मनगटांवर येतो.

हा भार मनगटांवर नको, मांड्यांवर हवा.

घोडेस्वार जशी मांड पक्की करतो,
तसे गुडघ्यांनी टाकीला दोन्ही बाजूंनी धरावे,
पोटाचे स्नायू किंचित ताणलेले
आणि कोपरे सैल ठेवावीत;
मग आंबेनळी घाट उतरताना ब्रेक दाबला,
तरी शरीर पुढे घसरत नाही.

बोटांना मुंग्या येऊ लागल्या,
की भार पुन्हा मनगटांवर गेला आहे, असे समजावे;
तो मांड्यांवर आणावा.

तासाभराने उतरून,
थोडे चालून,
पाठ ताणून घ्यावी.