न दुखणाऱ्या रोगाचे अर्थशास्त्र

(एका कामगार अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने हिरड्यांच्या विकारावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. बेकारी, भाववाढ, खाजगीकरण असे विषय सोडून हे काय काढले, असेही कोणी मनात म्हटले असेल. परंतु ज्या समाजात माणसाचे दात त्याच्या उत्पन्नाप्रमाणे टिकतात किंवा पडतात, त्या समाजात दात हा अर्थशास्त्राचाच विषय आहे.

प्रथम रोग समजून घेऊ. दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर जंतूंचा एक चिकट, पांढुरका थर रोज साचतो. तो वेळच्या वेळी निघाला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे कठीण होतो. यालाच आपण कीटण म्हणतो. या थरामुळे हिरडीला सूज येते. निरोगी हिरडी घट्ट असते आणि घासताना तिच्यातून रक्त येत नाही. सुजलेली हिरडी लाल, मऊ व फुगीर दिसते आणि ब्रश लागताच रक्त येते. ही झाली पहिली अवस्था. ती पूर्णपणे बरी होऊ शकते. दुर्लक्ष झाले, तर काहींच्या बाबतीत सूज खोल उतरते, हिरडी दातापासून सुटते, मध्ये खाच तयार होते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. तोंडाला दुर्गंधी येते, दात लांब दिसू लागतात, फटी पडतात, शेवटी दात हलतो. झिजलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या अवस्थेत फक्त व्याज बुडते, दुसऱ्या अवस्थेत मुद्दल बुडते.

पहिली अवस्था किती लवकर येते व किती लवकर जाते, हे हाराल्ड ल्यो या संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी 1965 साली डेन्मार्कमध्ये दाखवून दिले. त्यांनी 12 निरोगी व्यक्तींना दात घासणे बंद करावयास सांगितले. 10 ते 21 दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा स्वच्छता सुरू होताच थोड्याच दिवसांत त्या पूर्ववत झाल्या. रोगाचा उपाय इतका जवळ, इतका स्वस्त आहे.

मग एवढे दात का पडतात? या रोगाचे वैशिष्ट्य असे की तो बहुधा दुखत नाही. कीड लागलेला दात रात्रभर जागवतो. हिरडी मात्र वर्षानुवर्षे निमूटपणे झिजते. बाजारातील मागणी निर्माण होते ती वेदनेतून. ज्याला वेदना नाही, त्याला गिऱ्हाईक व्हावेसे वाटत नाही, आणि वेदना होते तेव्हा दात काढण्यावाचून फारसे काही उरलेले नसते. त्यात रोजंदारीवरच्या माणसाला दवाखान्यात जाणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवणे. जे दुखत नाही त्यासाठी तो मजुरी का बुडवील? हा त्याचा अडाणीपणा नव्हे. त्याच्या परिस्थितीत तो केलेला रोकडा हिशेब आहे. म्हणून हा प्रश्न बाजारावर सोपवून सुटणारा नाही.

याच ल्यो यांनी पुढे दोन समाजांची तुलना केली. एकीकडे ओस्लोतील विद्यार्थी व प्राध्यापक. त्या शहरात बालपणापासून सार्वजनिक दंतसेवेची व्यवस्था होती. दुसरीकडे श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांवरचे मजूर. त्यांना दंतोपचार कधी मिळालेलाच नव्हता. चाळिशीच्या सुमारास ओस्लोकरांच्या दातांचा आधार सरासरी सुमारे दीड मिलिमीटर, तर मजुरांचा सुमारे साडेचार मिलिमीटर खचलेला आढळला. 1970 पासून 15 वर्षे पाहिलेल्या 480 मजुरांचा अहवाल 1986 साली आला. त्यांतील सुमारे 8 टक्क्यांत रोग झपाट्याने वाढला, 81 टक्क्यांत मध्यम गतीने, आणि 11 टक्क्यांत सूज असूनही हाडापर्यंत गेला नाही. म्हणजे प्रकृतीचा भाग आहेच. परंतु कोणाचा रोग कोणत्या वाटेने जाणार, हे हिरडी वेळीच तपासल्याशिवाय कळत नाही, आणि तपासणार कोण हा प्रश्न प्रकृतीचा नाही, व्यवस्थेचा आहे.

माझाच अनुभव सांगतो. चाळिशीत माझ्या हिरडीतून रक्त येई. मी काय केले? त्या बाजूला घासणेच सोडून दिले. पदव्युत्तर वर्गांना शिकवणारा माणूस, पण मला कोणी सांगितले नव्हते की जिथे रक्त येते तिथेच अधिक काळजीपूर्वक, हलक्या हाताने घासावयाचे असते. दोन दाढा गेल्यावर हे ज्ञान झाले. माझे निवृत्तिवेतन त्यांच्या जागी कृत्रिम दाढा बसवू शकले. बांधकामावरच्या मजुराने काय करावे?

दुसरा गैरसमज असा की कीटण काढले की दात हलतात. कीटणाच्या थराने झाकलेली फट ते निघाल्यावर दिसते आणि सूज उतरली की हिरडी किंचित आक्रसते, एवढेच. दात कीटणाने धरलेला नसतो, हाडाने धरलेला असतो. आणि ते हाड कीटणाच्या आश्रयाने वाढणारे जंतूच झिजवीत असतात. एकदा साचलेले कीटण घरी निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. रोग खोल गेला असेल तर हिरडीखालील मुळे साफ करावी लागतात, क्वचित शस्त्रक्रियाही. नुसत्या गोळ्यांनी किंवा गुळण्यांनी भागत नाही.

घरी करावयाचे ते साधे आहे. मऊ ब्रशने दिवसातून दोनदा, हिरडीच्या कडेशी, सावकाश घासावे. दोन दातांमधली जागा दोऱ्याने किंवा बारीक ब्रशने साफ करावी. विटेची भुकटी, राखुंडी यांनी दात झिजतात. मशेरी तर सरळ तंबाखूच आहे. आपल्या आयाबहिणी दात घासण्याच्या नावाखाली तिच्या आहारी जातात. धूम्रपानाने हिरडीचे रक्त येणे कमी होते आणि आतला रोग झाकला जातो, म्हणून विडी ओढणाऱ्याने रक्त येत नाही यावर विसंबू नये. मधुमेह्याने हिरड्या अवश्य तपासाव्यात: मधुमेहाने हिरड्यांचा रोग बळावतो आणि हिरड्यांवर उपचार झाल्यास रक्तातील साखर काही अंशी उतरते. गरोदर स्त्रियांच्या हिरड्या अधिक सुजतात. त्यांनी उपचार टाळण्याचे कारण नाही. तोंडात न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा दिसला तर एक दिवसही दवडू नये.

आता राजकारणाकडे येतो. ब्रिटनमध्ये 1948 साली मोफत आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा कवळ्यांसाठी एवढी गर्दी लोटली की सरकारचे अंदाज कोलमडले. ती उधळपट्टी नव्हती. पिढ्यान् पिढ्या दाबून ठेवलेली गरज होती. 1951 साली मजूर पक्षाच्याच सरकारने शस्त्रसज्जतेच्या खर्चापायी कवळ्या व चष्मे यांवर आकार बसवला आणि ॲन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कवळीसाठी राजीनामा, म्हणून काहींनी चेष्टा केली असेल. परंतु बेव्हन खाणकामगाराचा मुलगा होता, स्वतः खाणीत राबलेला होता. तत्त्व एकदा दाताशी सोडले की ते कोठे थांबत नाही, हे त्याला ठाऊक होते. पुढच्याच वर्षी नव्या सरकारने दातांच्या इतर उपचारांवरही आकार बसवला.

आपल्याकडे मौखिक आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2014-15 पासून कागदावर आहे. 2018 साली आलेली आयुष्मान भारत विमा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. हिरडी साफ करून घेण्यासाठी कोणी रुग्णालयात दाखल होत नाही. म्हणजे मोठ्या आजाराला विमा आणि छोट्या उपायाला पदरचा पैसा, हा आपला क्रम. तो उलटा केला पाहिजे.

आपल्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या दिवशी दंतवैद्य यावा व कीटण मोफत काढले जावे. मधुमेहाच्या व गरोदर स्त्रियांच्या तपासणीत हिरड्याही पाहिल्या जाव्यात. कारखान्यातील वार्षिक तपासणीत तोंड उघडून पाहणे सक्तीचे व्हावे, आणि त्या वेळेची मजुरी कापली जाऊ नये.

एक मागणी मात्र आपण आपल्याकडेच करावयाची आहे. आपल्या बैठकांतून चंची फिरते. ती ज्या हाताने पुढे जाते, त्याच हाताने आपण आरोग्याच्या ठरावाला पाठिंबा देतो. ही विसंगती आज, या वर्गातच मोडता येईल. त्याला सरकारच्या मंजुरीची गरज नाही. उद्या सकाळी घासताना रक्त दिसले तर चूळ भरून विसरू नका. आणि शेजारी बसलेल्या सहकाऱ्यालाही विचारा.