सात मिनिटांचा भाग आणि नंतरची चर्चा



लहान मुलांच्या कार्टूनवर मोठ्या माणसांनी तासन्‌तास बोलावं का, असा प्रश्न आजचा विषय वाचून काहींना पडला असेल. माझं उत्तर आहे, जरूर बोलावं. नाटक पाहून आल्यावर आपण जितक्या आस्थेनं बोलतो, तितक्याच आस्थेनं बोलावं. हे मांडण्यासाठी मी एकच मालिका घेणार आहे, ऑस्ट्रेलियाची ‘ब्लूई’.

१ ऑक्टोबर २०१८ रोजी ती तिथल्या एबीसी वाहिनीवर सुरू झाली. तिचा जनक जो ब्रम, आणि ती बनते ब्रिस्बेनच्या लूडो स्टुडिओत. हीलर जातीच्या कुत्र्यांचं हे चौकोनी कुटुंब. आई चिली, बाबा बँडिट, थोरली ब्लूई आणि धाकटी बिंगो. मुली खेळ काढतात, आईबाबांना त्यात ओढतात आणि घरभर धमाल उडते. एकेक भाग जेमतेम ७ मिनिटांचा. पहिल्या तीन पर्वांत असे दीडशेहून अधिक भाग झाले. ७ मिनिटांत सगळं सांगता येत नाही, म्हणून बरंच काही न सांगता ठेवावं लागतं. या मंडळींनी त्या मर्यादेचंच बळ केलं. त्यांनी मोकळी सोडलेली जागा प्रेक्षक भरतात, आणि चर्चा सुरू होते ती तिथूनच.

‘द शो’ नावाचा भाग पाहा. मातृदिन आहे. बिंगोच्या हातून आईच्या न्याहारीचा ट्रे पडतो आणि ती रडवेली होते. आपलं काही बिघडलं की आपण काय करतो, ते आई तिला सांगते. थोडं रडायचं, उठायचं, अंग झटकायचं आणि पुढं चालू लागायचं. मग मुली आईबाबांच्या भेटीची गोष्ट नाटक करून दाखवतात. बिंगो आई झालेली असते आणि गरोदर दिसण्यासाठी तिनं कपड्याखाली फुगा घातलेला असतो. तो फुगा फुटतो. त्या क्षणी प्रेक्षकांत बसलेल्या चिलीचा चेहरा उतरतो आणि बँडिट तिचा हात हातात घेतो. झालं, एवढंच. कुणी शब्दानं काही बोलत नाही आणि नाटक पुढं सरकतं.

पण पाहणाऱ्यांनी तो हात टिपला. या जोडप्यानं एक मूल जन्माआधीच गमावलं असावं, असा अर्थ अनेकांनी लावला. मग ते मागं गेले आणि आईचं सकाळचं बोलणं त्यांनी नव्यानं ऐकलं. रडून उठायचं, हे ती कुठून शिकली असेल? अशा दुःखातून गेलेल्या कितीतरी स्त्रिया या भागाविषयी बोलता बोलता स्वतःविषयी बोलू लागल्या. घरात ज्याचा उच्चारही होत नाही, ते सांगायला त्यांना एका फुग्याचा आधार मिळाला. कथा-कादंबरीकडून आपण हीच अपेक्षा करतो ना?

‘वन्झीज’ हा भागही तसाच. ब्रँडीमावशी बऱ्याच वर्षांनी घरी येते. भाच्यांसाठी तिनं डोक्यापासून पायापर्यंतचे, प्राण्यांच्या रूपाचे पोशाख आणलेत. ब्लूईला चित्त्याचा हवा असतो, पण तो तिला होत नाही. मावशी इतके दिवस का आली नाही, असं ब्लूई विचारते. मावशीला एक गोष्ट मनापासून हवी आहे, पण ती तिला मिळू शकत नाही आणि त्यावर कुणाकडंच उपाय नाही, इतकंच चिली सांगते. अपत्यहीनता हा शब्द कुठंही येत नाही. न होणारा पोशाख मुलीला कळतो आणि मावशीची व्यथा मोठ्यांना कळते. एकाच धाग्यानं दोन वयांचे प्रेक्षक बांधणं, हे मी अव्वल दर्जाचं लेखन मानतो.

‘क्रिकेट’ हा भाग तर आपल्या मंडळींनी मुद्दाम पाहावा. रस्टी नावाच्या मुलाचे वडील सैन्यात, घरापासून दूर आहेत. थोरल्या भावाचा मित्र जोरात चेंडू टाकतो, रस्टीला तो लागतो आणि मनात भीती बसते. वडील पत्रातून धीर देतात आणि धाकट्या बहिणीकडं लक्ष ठेवायलाही सांगतात. पुढं एका सामन्यात मोठ्यांना रस्टी काही केल्या बाद होत नाही, आणि मग तो मुद्दाम बहिणीच्या हाती सोपा झेल देतो. कुणाला यात फलंदाजीचं तंत्र दिसतं, कुणाला दूर असलेला बाप दिसतो, आणि दोघंही बरोबर असतात.

आता वादाकडं वळतो, कारण वाद नसेल तर चर्चेचं नुसतं कौतुकसोहळ्यात रूपांतर होतं. ‘एक्सरसाइज’ या भागाच्या सुरुवातीला बँडिट वजनकाट्यावर उभा राहून स्वतःच्या शरीरावर नाराज होतो. मुलांच्या मनात देहाविषयी लाज रुजेल, असा आक्षेप पालकांनी घेतला आणि २०२३ मध्ये तो प्रसंग वगळून भाग पुन्हा दाखवला गेला. चर्चा मालिकेपर्यंत पोचते, ती अशी.

१४ एप्रिल २०२४ रोजी आलेला ‘द साइन’ हा भाग तब्बल २८ मिनिटांचा होता. बँडिटला दुसऱ्या शहरात नोकरी लागते, घर विक्रीला निघतं, ब्लूई कासावीस होते. शेवटी बँडिट विक्रीची पाटी उपटून टाकतो आणि कुटुंब तिथंच राहतं. अनेकांना हायसं वाटलं. काहींनी मात्र विचारलं, ज्या मुलांना खरोखरच घर सोडावं लागतं, त्यांनी काय करायचं? बदलीच्या नोकरीमुळं दर काही वर्षांनी शाळा बदललेल्या तुमच्यापैकी अनेकांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. त्याच भागात ब्रँडीमावशी गरोदर दिसते. त्यावरही दुमत झालं. तिला सुख मिळालं याचा आनंद होताच, पण ज्यांना ते कधीच मिळणार नाही त्यांची सोबत सुटली, अशी खंतही होती. या दोन्ही बाबतींत मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूनं आहे. ‘वन्झीज’नं जे धैर्यानं अनुत्तरित ठेवलं होतं, ते अनुत्तरितच राहायला हवं होतं.

शेवटी एक पथ्य सांगतो. या मालिकेवर पहिला हक्क मुलांचा आहे. फुगा फुटला तेव्हा मुलाला दिसली ती घाबरलेली आणि पुन्हा उभी राहिलेली बिंगो. तो अर्थ पूर्ण आहे, मोठ्यांच्या अर्थाची ती कच्ची आवृत्ती नव्हे. आपला उलगडा मुलावर लादू नये. मुलानं विचारलं तर खरं सांगावं, न विचारलं तर त्याला हसू द्यावं.

मुलांना टीव्हीसमोर बसवून आपण दुसऱ्या खोलीत जातो, ही सवय मोडू या. ७ मिनिटं शेजारी बसा, आणि भाग संपल्यावर मुलाला एवढंच विचारा, तुला काय आवडलं? मग आपलं मत सांगा, जमल्यास त्याच्याशी वादही घाला. बालसाहित्याची आणि बालचित्रांची समीक्षा आपल्याकडं वाढायची असेल, तर तिची सुरुवात घरातल्या अशा गप्पांतूनच होईल.