आजोबांचं पोस्टकार्ड

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



सेक्रेटरींनी मला ‘ज्येष्ठांचे अनुभव’ या विषयावर पाच मिनिटं दिली आहेत. बँकेतले अनुभव सांगत बसलो तर तुम्ही त्याआधीच जेवणाच्या रांगेत जाल. म्हणून आज आजोबांबद्दल बोलतो.

आमचं गाव मालवण तालुक्यातलं मसुरे. आजोबा लालबागला गिरणीत साच्यावर होते. पन्नाशीनंतर गावी परतले, ते भातशेतीचे, चार माडांचे आणि आम्हा नातवंडांचे झाले. मे महिन्यात आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं मालवणला जायचो. बोट लांब उभी राहायची, पडावातून किनाऱ्याला लागायचं. तिथं आजोबा बैलगाडी घेऊन हजर. आधी शहाळं, मग चौकशी.

संध्याकाळी भरतगडावर न्यायचे. खाडीपलीकडचा भगवंतगड दाखवून म्हणायचे, ‘तो बावड्याच्या पंतांचो, ह्यो वाडीच्या सावंतांचो. दोघांनी समोरासमोर गड बांधल्यानी, शेवटाक इंग्रजान दोनवय घेतल्यान.’ ते साल 1818, हे मला पुढे वाचनातून कळलं. घरात वाटणीचा विषय निघाला की काकांनाही हीच गोष्ट ऐकावी लागे. आजोबा होते तोवर आमच्या घरात चूल एकच राहिली.

गावाची आंगणेवाडी तुम्हाला भराडी देवीच्या जत्रेमुळे माहीत असेल. या जत्रेला ठरलेली तिथी नाही, देवीचा कौल झाला की तारीख कळते. तारीख ठरली की आजोबा मुंबईतल्या आम्हा सगळ्यांना एकेक पोस्टकार्ड टाकत. मजकूर दोनच ओळींचा : जत्रा अमुक तारखेस. रजा टाकणे.

1979 साली माझं प्रमोशन घाटत होतं. साहेबांच्या नजरेसमोरून हलायला नको, म्हणून मी रजेचा अर्जच केला नाही. गावी मात्र कळवलं, ‘रजा नामंजूर झाली.’ आजोबांचं उलट टपाली कार्ड आलं : नोकरी आधी. वाईट वाटून घेऊ नये. प्रसाद शेजारच्या चाकरमान्याबरोबर पाठवला आहे.

तो प्रसाद मी खाल्ला. प्रमोशनही झालं. श्रावणात तार आली. एस.टी.नं पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. आजी म्हणाली, ‘जत्रेक सगळ्यांका सांगत होते, नातू मोठो हापिसर झालो, तेका रजा गावना नाय.’ मी गप्प बसलो. खरं काय ते तिलाही कधी सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच चारचौघांत बोलतोय. (सौ. पुढच्या रांगेत बसल्या आहेत, त्यांनाही हे नवीनच असणार.)

त्यांची अकरा कार्डं माझ्याकडे आहेत. पत्त्यात अजून जिल्हा रत्नागिरीच आहे, सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली झाला. शेवटच्या कार्डावरची शाई फिकी पडली आहे, पण वाचता येतं.

आता जत्रेची तारीख व्हॉट्सॲपवर येते. मी ती लगेच दोन्ही मुलांना पाठवतो आणि खाली लिहितो, रजा टाका. धाकट्याचं बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘बाबा, यंदा रजा मिळत नाही.’

मी त्याला कधी खोदून विचारत नाही. प्रसाद मात्र पाठवतो.